दिलेल्या मर्यादेत समाधानकारक

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

कन्येला अ‍ॅडमिशन मिळाली. परदेशात. मास्टर्स, विषय पाणी शुद्धीकरण. ईमेल तिने पुन्हा पुन्हा वाचला आणि मग माझ्या हातात दिला, कारण मी तपासल्याशिवाय या घरात कुठलीही गोष्ट खरी धरली जात नाही. (असा माझा समज आहे. तोही एकदा तपासायला हवा.) ईमेल खरा निघाला. ही रडली. मी रडलो नाही. नाक शिंकरलं, पण सर्दी कालपासूनच होती.

आता पैसे. फी आणि तिकडचं राहणं-खाणं मिळून जो आकडा होतो तो इथे लिहीत नाही. ही म्हणाली, अहो, एवढे आणायचे कुठून? मी म्हणालो, ते माझ्यावर सोड. म्हणताना आवाज स्थिर होता. असं काही म्हणायला फार दिवसांनी मिळालं.

पैशांची सोय झाल्याचा पुरावा एप्रिल संपायच्या आत तिकडे पोचला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. भरपूर वेळ आहे.

संकल्प: जी सोय होईल ती सरळ मार्गाने. थापा मारून उभ्या केलेल्या पैशावर शिकलेली मुलगी पाणी काय शुद्ध करणार? हे जेवताना बोलून दाखवलं. कोणी काही म्हणालं नाही. पटलं असावं.

१२ फेब्रुवारी

एका ट्रस्टची स्कॉलरशिप आहे. त्यासाठी कन्येने स्वतःबद्दल निबंध लिहिला. दोन पानं. मी तपासायला घेतला.

वीस वर्षं कॅलिब्रेशन लॅबमध्ये काढली आहेत. दवाखान्यांचे थर्मामीटर, दुकानांचे वजनकाटे, कारखान्यांची प्रेशर गेज आमच्याकडे येतात आणि ती किती चुकतात ते आम्ही सर्टिफिकेटवर लिहून देतो. न चुकणारं उपकरण अजून माझ्या टेबलावर आलेलं नाही. तीच नजर निबंधाला लावली.

‘मी प्रकल्पाचं नेतृत्व केलं.’ प्रकल्पात चौघं होती. ‘चौघांपैकी एक होते’ असं केलं. ‘लहानपणापासून मला पाण्याची ओढ.’ लहानपणी डोक्यावरून पाणी घ्यायचं म्हटलं की ही मुलगी बिल्डिंग गोळा करायची. काढलं. ‘मला जग बदलायचं आहे.’ इथे ‘शक्य झाल्यास, एखाद्या भागात’ एवढं घातलं.

निबंध अर्ध्या पानावर आला. कन्या वाचून म्हणाली, बाबा, हे वाचून मीसुद्धा मला घेणार नाही. विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.

१३ फेब्रुवारी

तिची मैत्रीण आली होती. तिला आमच्या घरात तुफान म्हणतात. तिलाही त्याच देशात जायचं आहे, तिचाही त्याच ट्रस्टला अर्ज आहे. तिने आपल्या निबंधात लिहिलंय की तिच्या फिल्टरमुळे एका अख्ख्या वस्तीचं आयुष्य बदललं. मी विचारलं, बदललं म्हणजे किती? आधी मोजलं होतं का? ती म्हणाली, काका, तुम्ही देवाकडे गेलात ना, तर त्यालाही पावती मागाल. कन्या हसली. मीही हसलो. मात्र प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

१९ फेब्रुवारी

ट्रस्टला पालकांचंही निवेदन हवं: घरची परिस्थिती. लिहायला बसलो आणि अडलो. गरीब लिहावं तर आमचा फ्रिज दोन दारांचा आहे. ही म्हणाली, वरचं दार बंद होत नाही, चिकटपट्टी लावते मी. मग दोन्ही लिहिलं: फ्रिज दोन दारांचा, पैकी एक नादुरुस्त. घर स्वतःचं, पण लहान. फळं आणतो, पण रोज नाही. दोन्ही बाजू आल्या. निवेदन कसं असावं याचा नमुना म्हणून एक प्रत लॅबमध्येही ठेवली.

६ मार्च

ट्रस्टचा नकार. कारण: आर्थिक गरज पुरेशी सिद्ध होत नाही.

तुफानला मिळाली.

वाईट वाटलं. पण खोट्याच्या शर्यतीत आपण हरलो यात शरम वाटण्यासारखं काही नाही. हे कन्येला समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा. आणि बराच वेळ नळाखाली तोच पेला धूत बसली.

११ मार्च

कर्ज. मी आणि ही बँकेत गेलो. कर्जवाल्या मॅडम चांगल्या होत्या. समोर बसवलं, पाणी दिलं. सगळे कागद बरोबर निघाले. मॅडम म्हणाल्या, बाकी काही नाही, तुमची नोकरी पक्की आहे ना?

मी विचार केला. मालकांचं वय झालंय. त्यांच्या मुलाला लॅबमध्ये रस नाही, त्याला जागा विकायची आहे असं ऐकून आहे. ऐकीव माहिती लपवावी की सांगावी? लपवणं सोपं होतं, म्हणूनच शंका आली. सांगितलं. टेबलाखाली हिचा पाय माझ्या पायावर पडला. चुकून पडला असेल असं वाटून मी माझा पाय बाजूला घेतला आणि मालकांच्या रक्तदाबाबद्दलही सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, साहेब, मी फक्त हो की नाही विचारलं होतं.

परत येताना हिने कागदांची पिशवी माझ्याकडून काढून घेतली. गल्लीच्या तोंडाशी थांबून एवढंच म्हणाली, बाहेर खरं बोलायला तुम्हाला कोणी पगार देतं का? मी म्हणालो, हो, तोच तर माझा पगार आहे. उत्तर चोख होतं. ती पुढे निघून गेली.

१६ मार्च

ट्रस्टच्या हिशेबाने आम्ही खाऊन-पिऊन सुखी, बँकेच्या हिशेबाने उद्या रस्त्यावर. एकाच वस्तूची दोन वजनं. माझ्या टेबलावर असे दोन काटे आले असते तर दोन्ही नापास केले असते.

सकाळी कन्येबरोबर शब्दकोडं सोडवलं. आडवे सगळे शब्द तिचे, उभे बहुतेक माझे. ती गेल्यावर कोडं कोणाबरोबर सोडवायचं, असा प्रश्न मनात आला. गैरलागू म्हणून सोडून दिला.

२३ मार्च

हिचा भाऊ आला. त्याचं टाइल्सचं दुकान आहे. आल्या आल्या म्हणाला, भाऊजी, भाची माझी आहे, तुम्ही कशाला बँकेच्या पायऱ्या झिजवता? मी बसलोय ना! जमेल तेव्हा परत करा, नाही जमलं तर मामाचा आशीर्वाद समजा. हिचे डोळे भरून आले. कन्येने त्याला मिठी मारली. मलाही भरून आलं.

भरून आलेल्या अवस्थेत माणूस नीट विचार करत नाही, म्हणून जरा वेळ जाऊ दिला. मग हलकेच विचारलं, राग मानू नका, एवढंच सांगा, हे पैसे पावतीचे की बिनपावतीचे?

मेहुण्याने कप खाली ठेवला. म्हणाला, ताई, हा माणूस माझ्या घरी जेवायला आला तर भाजीचं बिल मागेल. चपला घालता घालता आणखी बरंच म्हणाला. ही जिन्यापर्यंत मागे गेली.

मी प्रश्न विचारला होता, आरोप नव्हे. हा फरक लोकांना कळत नाही. पत्र लिहून समजवावं का? विचार करतो.

२५ मार्च

पत्र लिहिलं. पाठवण्याआधी हिने वाचलं आणि फाडलं.

२ एप्रिल

तुफानने कन्येचा व्हिडिओ काढून लोकवर्गणीच्या वेबसाइटवर टाकला. आमच्याच खिडकीपाशी काढलाय. कन्या सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोलते. गढूळ पाण्याची बाटली हातात धरते, मग स्वच्छ पाण्याची. मी आतल्या खोलीतून पाहिला, दार लावून. आपली मुलगी इतकी छान बोलते हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

४ एप्रिल

पैसे यायला लागले! अनोळखी लोक. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं, बाळ, माझी पेन्शन छोटी आहे, पण एवढे घे. ते वाचून झोप लागेना. त्या बाईंना आमचं घर स्वतःचं आहे हे ठाऊक आहे का? तुफानने मथळा दिलाय, ‘हिच्यापाशी स्वप्नाशिवाय काहीही नाही.’ काहीही नाही कसं? विमा आहे.

५ एप्रिल

व्हिडिओखाली स्वतःच्या नावाने खुलासा टाकला. घर, विमा, दोन दारांचा फ्रिज (एक नादुरुस्त), मामांनी देऊ केलेली मदत, ती न घेण्याचं कारण. शेवटी: दात्यांनी संपूर्ण माहितीच्या आधारे निर्णय घ्यावा ही विनंती. लिहून झाल्यावर मन हलकं झालं.

७ एप्रिल

लोक विचित्र असतात. खुलाशाखाली कोणीतरी ‘फसवणूक’ असं लिहिलं. मग इतरांनी. मी प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर दिलं, त्याने आणखी लोक गोळा झाले. पैसे परत मागणारे आले. शिक्षिकाबाईंनी मागितले नाहीत. कन्येने स्वतः पान बंद केलं आणि सगळ्यांचे पैसे परत केले, त्या बाईंचेसुद्धा.

तुफानचा फोन आला होता. म्हणाली, काका, तुम्हाला शत्रूची गरजच नाही. तो काय म्हणायला फोन होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरात शांतता आहे. अशा शांततेत चांगली कामं होतात.

१४ एप्रिल

म्हटलं होतं ना! तिकडच्या प्राध्यापकांचा कन्येला ईमेल. त्यांच्या प्रयोगशाळेत एक सहायकाची जागा आहे. ती मिळाली तर फी पूर्ण माफ, वर दरमहा राहण्यापुरते पैसे. सगळा प्रश्नच मिटला. त्यांना फक्त एक हवं: तिने जिथे मोजमापाचं काम केलंय तिथून एक शिफारसपत्र.

आणि तिने काम कुठे केलंय? आमच्या लॅबमध्ये, दोन उन्हाळी सुट्ट्या. घरचा उंबरा ओलांडायचीही गरज नाही.

कन्या फार दिवसांनी माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. म्हणाली, बाबा, एवढं एक नीट लिहाल ना? मी म्हणालो, नीटच लिहितो मी. ती म्हणाली, तसं नाही हो. मग म्हणाली, बरं.

१५ एप्रिल

मालक म्हणाले, आण इकडे, मीच लिहितो: हिऱ्यासारखी पोरगी, डोळे झाकून घ्या. मी कागद अक्षरशः त्यांच्या हातातून घेतला. मालक दुपारी बारानंतर येतात आणि केबिनमध्ये बसतात. त्यांनी तिला काम करताना पाहिलेलंच नाही. जे पाहिलं नाही त्यावर सही कशी करायची? म्हणाले, अरे, तुझीच मुलगी आहे ना? मी म्हणालो, म्हणूनच.

आता मीच लिहितो. बाप म्हणून नव्हे, तांत्रिक प्रमुख म्हणून.

१६ एप्रिल

लिहिलं. सोपं नव्हतं. तिने काय केलं ते आठवत बसलो. आमचा मुख्य थर्मामीटर, ज्याच्याशी बाकीचे सगळे ताडून पाहतो, तो एसीच्या झोताखाली ठेवलेला असल्याने चुकत होता. आम्हा कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. ते तिने पकडलं. दुसऱ्याच आठवड्यात. मग प्रश्न असा, की पकडलं ते कौशल्याने की योगायोगाने? एकाच प्रसंगावरून सांगता येत नाही. एक नोंद म्हणजे निष्कर्ष नव्हे. प्रसंग गाळला.

दुसरा प्रश्न: ती स्वतंत्रपणे काम करू शकते का? मी पूर्ण वेळ तिच्या मागे उभा असायचो. तिला मदत लागायची म्हणून नव्हे, मला बघायला आवडायचं म्हणून. पण उभा होतो हे खरं. तेव्हा लिहिलं: ‘काम दिलेल्या मर्यादेत समाधानकारक. देखरेखीविना केलेलं काम तपासलेलं नाही.’

आमच्या धंद्यात ‘मर्यादेत समाधानकारक’ याच्या वर शब्द नाही. सरकारी दवाखान्याच्या काट्यालाही मी हेच देतो. अभिमानाने सही केली.

कन्या म्हणाली, बघू? मी म्हणालो, ज्याची तपासणी त्याला आधी दाखवायचं नाही, असा लॅबचा नियम आहे. पाठवून दिलं.

२१ एप्रिल

प्राध्यापकांचा ईमेल, या वेळी थेट मला. सज्जन माणूस. लिहितात, आम्हाला ही मुलगी घ्यावीशी वाटते, पण समितीपुढे तुमचं पत्र ठेवणं अवघड जातंय. तुमच्या पद्धतीचा आदर आहे, तरी साध्या शब्दांत सांगाल का, मुलगी चांगली आहे का?

बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. ‘हो’ टाइप केलं. किती चांगली? कोणाच्या तुलनेत? मी एकच मुलगी वाढवली आहे, ताडून पाहायला दुसरी नाही. ‘हो’ काढलं. लिहिलं: आधीचा निष्कर्ष कायम. वैयक्तिक अभिप्राय देणं आमच्या कार्यकक्षेत येत नाही.

त्यांना उत्तर आवडलं असणार. अशा माणसांना आवडतं.

२९ एप्रिल

जागा दुसऱ्याला दिली. दिलगिरीचा ईमेल कन्येला आला, छोटा आणि नम्र.

मी तिला धीर द्यायला गेलो. म्हणालो, आपण कुठेही कमी पडलो नाही, त्यांनी दोनदा विचारलं आणि आपण दोन्ही वेळा तेच सांगितलं. ती म्हणाली, दोनदा?

मी तिला तो पत्रव्यवहार दाखवला. दाखवण्यासारखाच होता. तिने वाचला. म्हणाली, त्यांनी तुम्हाला परत विचारलं होतं, बाबा? मी म्हणालो, हो, बघ ना, किती सज्जन. ती म्हणाली, चांगली आहे का, एवढंच विचारलं होतं.

मग गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढून आणले, घड्या घातल्या आणि ज्याचे त्याच्या कपाटात ठेवले. माझेही.

३० एप्रिल

आज मुदत संपली. ही बोलली. पहिल्यांदाच एवढं बोलली. म्हणाली, तुम्हाला ती जायलाच नको होती. पहिल्या दिवसापासून नको होती. भांडून अडवलं असतंत तर पोरीला निदान भांडता तरी आलं असतं. तुम्ही सत्याची चादर पांघरून दारात आडवे झालात. ओलांडणार तरी कशी?

हे गंभीर आहे. तपासायलाच हवं. एकटा बसलो आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: ती जायला नको होती का? उत्तर आलं, नाही, हवी होती. थोडं थांबून पुन्हा विचारलं. तेच उत्तर. दोन्ही नोंदी जुळतात. निष्कर्ष ग्राह्य.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मोजणारा कोण होता? आणि दिवा मालवला.

१८ मे

पुढच्या वर्षाचा आराखडा तयार केला. आता अनुभव आहे. कन्येला दाखवला. ती म्हणाली, छान आहे बाबा. कुठेही चूक काढली नाही.

ती जेवते, बोलते, विचारलं तर हसतेही. फक्त हल्ली एखादा निर्णय घ्यायचा असला की माझ्याकडे बघते. काल साबण कुठला आणायचा तेही मला विचारलं. पूर्वी असं नव्हतं. जवळीक वाढली आहे.

९ जून

लॅबमधला सहकारी सोडून गेला. त्याचं टेबल रिकामं आहे. मालकांकडे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, सहज विषय निघाला. (मी काढला. पण सहज.) मालक म्हणाले, तुझ्या मुलीला चालेल का? कामाला कशी आहे ते मात्र खरं सांग. मी म्हणालो, डोळे झाकून घ्या. अशी मुलगी आपल्या लॅबला पुन्हा मिळायची नाही. थर्मामीटरचा प्रसंगही सांगितला, अगदी रंगवून.

नंतर शंका आली, की हे जरा जास्त तर झालं नाही? पण तोंडी बोलण्याला सर्टिफिकेटचा नियम लागू नाही. आणि नोकरी काय, तात्पुरतीच आहे. वर्षभर.

कन्येला सांगितलं. म्हणाली, विचार करते.

२ ऑगस्ट, संध्याकाळ

आज दुपारच्या विमानाने तुफान गेली. कन्येला एकटीने निरोप द्यायला जड जाईल म्हणून मीही बरोबर गेलो. तुफानच्या दोन बॅगा होत्या. एकीचं वजन जास्त भरलं. काउंटरवरच्या बाईंनी बॅग उघडायला लावली, तेव्हा कन्येनेच खाली बसून पुस्तकं काढली, बूट दुसरीकडे कोंबले आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. वजन बरोबर आलं. तुफान तिला घट्ट धरून रडायला लागली. कन्या म्हणाली, अगं वेडी, जा, रांग पुढे गेली. तुफानने माझ्याकडे पाहिलं. पायाला हात लावला नाही, हातही हलवला नाही. धांदलीत राहून गेलं असेल.

ती आत दिसेनाशी झाल्यावरही कन्या काचेपाशी उभी होती. मी म्हणालो, पुढच्या वर्षी आपण. तिने ऐकलं असेल किंवा नसेल.

परतताना बसमध्ये खिडकीची जागा मी तिला दिली. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मग तिकडेच बघत म्हणाली, लॅबला तुम्ही किती वाजता निघता, बाबा? मी वेळ सांगितली. म्हणाली, उद्यापासून माझाही डबा भरायला सांगते आईला.

मला एकदम हायसं वाटलं. इतकं, की समोरच्या दांड्याला धरावं लागलं. हायसं कशाचं, हे स्वतःला विचारलं. मुलगी मार्गी लागली याचं, असं उत्तर आलं. आमचा स्टॉप येईपर्यंत वेळ होता, पुन्हा विचारता आलं असतं. विचारलं नाही.